गाय गाभडली नाही, हे लसीमुळेच कशावरून?

बालमित्रांनो, एका गोठ्याची कल्पना करा. गोठ्यात दहा गायी आहेत. एके सकाळी सहा-सात महिन्यांची गाभण गाय अवेळीच मेलेले वासरू टाकते. शेतकरी म्हणतात, 'गाय गाभडली'. पंधरा दिवसांनी दुसरी गाय गाभडते, महिन्याभराने तिसरी. वासरे गेली, दूधही आटले. घाबरलेल्या मालकाला कोणीतरी एक नवीन औषध आणून देतो. सगळ्या गायींना ते टोचले जाते आणि काय आश्चर्य! पुढच्या वर्षी त्याच गायी दिवस भरून सुखरूप वितात. मालक गावभर सांगत सुटतो, "औषध अगदी रामबाण आहे!"

तुम्हाला काय वाटते? औषध खरोखरच रामबाण आहे का?

उत्तर देण्याची घाई करू नका. गायींना असे गाभडायला लावणाऱ्या रोगांपैकी एक मोठा फसवा आहे. त्याचे नाव ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात. या रोगाने एकदा गाभडलेली गाय पुढच्या खेपेला बहुधा कोणत्याही औषधावाचून दिवस भरून विते. रोगजंतू मात्र तिच्या अंगात ठाण मांडून राहतात आणि दुधातून व विण्याच्या वेळी बाहेर पडत राहतात. म्हणजे आपल्या मालकाने गायींना नुसते मिठाचे पाणी टोचले असते, तरी ते 'रामबाण' ठरले असते!

मग या रोगावरची लस गुणकारी आहे की नाही, आणि ती निर्धोक आहे की नाही, हे शास्त्रज्ञ ठरवतात तरी कसे? आज आपण तेच पाहणार आहोत.

रोगजंतूचा शोध

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे एक लहान बेट आहे. तेथील ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप येई. तो आठवडेच्या आठवडे टिके, उतरे आणि पुन्हा चढे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक सूक्ष्म जंतू वेगळा केला. पुढे १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांनी दाखवून दिले, की हा जंतू वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या अंगात असतो. त्यांचे कच्चे दूध पिऊन सैनिक आजारी पडत होते.

इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग हे पशुवैद्य गायींच्या गर्भपाताच्या मागे लागले होते. १८९७ साली त्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला. गाभडलेल्या गायींच्या गर्भाशयात त्यांनाही एक सूक्ष्म जंतू सापडला होता. पण माल्टाचा ताप आणि डेन्मार्कमधील गायींचा गर्भपात यांचे काही नाते असेल, असे कोणाच्याही मनात आले नाही.

ते नाते जुळवले अमेरिकेतील ॲलिस इव्हान्स या संशोधिकेने. हे दोन्ही जंतू अगदी जवळचे भाऊबंद आहेत, असे तिने १९१८ साली दाखवून दिले. म्हणजे गायीचे कच्चे दूधही माणसाला धोक्याचे होते. पुष्कळांना ते पटले नाही. दुर्दैव असे, की १९२२ साली प्रयोगशाळेत काम करताना तिला स्वतःलाच या रोगाची बाधा झाली आणि पुढे कित्येक वर्षे तो तिला त्रास देत राहिला. आज या साऱ्या जंतूंच्या घराण्याला ब्रूस यांच्या नावावरून 'ब्रुसेला' म्हणतात. गायींना गाभडायला लावणाऱ्या त्यातल्या जातीचे नाव 'ब्रुसेला ॲबॉर्टस' असे आहे.

मेलेले जंतू की जिवंत?

रोगाचे जंतू मारून त्यांची लस टोचायची, हा सर्वांत सुरक्षित मार्ग. मेलेला जंतू रोग कसा देणार? पण ब्रुसेला मोठा लबाड आहे. रक्तातील ज्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो! अशा घरात घुसलेल्या चोराला पकडायचे, तर शरीराच्या रक्षक पेशींना खऱ्या चोराशी दोन हात करण्याचा सराव हवा. मेलेल्या जंतूंकडून तो सराव पुरेसा होत नाही. म्हणून या रोगावर जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस जास्त उपयोगी पडते.

आता पंचाईत ध्यानात आली ना? जंतू फार दुबळा असला, तर सराव होत नाही. फार तगडा असला, तर तोच रोग देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी काही ठिकाणी तर न दुबळावलेले जंतूच गाभण नसलेल्या गायींना टोचून पाहिले गेले. गाभडण्याचे प्रमाण कमी झाले खरे, पण जंतू कळपात कायमचे राहू लागले! यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. 'गाय गाभडली नाही' आणि 'गायीच्या अंगात जंतू नाहीत' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लसीच्या परीक्षेत दोन्हींची उत्तरे मिळवावी लागतात.

टेबलावर राहून गेलेले जंतू

१९२३ साली अमेरिकेत जॉन बक या संशोधकाने एका जर्सी गायीच्या दुधातून ब्रुसेलाचा एक वाण वेगळा केला. तो चांगलाच जहाल होता. पुढे तो प्रयोगशाळेत साध्या खोलीच्या तापमानाला वर्षाहून अधिक काळ तसाच राहून गेला. पुन्हा तपासून पाहतात, तो या जंतूंचा जहालपणा पुष्कळ कमी झालेला! या वाणाचा क्रमांक होता १९. हाच पुढे 'एस-१९' या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. लहान वयाच्या वासरांना तो टोचण्याचे आपले प्रयोग बक यांनी १९३० साली प्रसिद्ध केले.

ही गोष्ट योगायोगाची म्हणून सर्वांना आवडते. पण योगायोगाने मिळाला तो फक्त एक उमेदवार. तो परीक्षेत उतरतो की नाही, हे कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. ती परीक्षा कशी असते, ते आता पायरी पायरीने पाहू.

पहिली पायरी: उंदीर

एकदम गायींवर प्रयोग करण्यात धोका असतो, म्हणून आधी उंदरांची पाळी येते. पूर्वी यासाठी गिनीपिगही वापरत.

उंदरांना लसीचे जंतू टोचतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने त्यांच्या प्लीहेत किती जंतू उरले आहेत, ते मोजतात. जंतू हळूहळू नाहीसे झाले पाहिजेत. फार रेंगाळले तर लस जहाल आणि दोन दिवसांतच निघून गेले तर निरुपयोगी!

गुण पाहण्यासाठी लस टोचल्यावर ३० दिवसांनी उंदरांना ब्रुसेलाचा खरा जहाल वाण देतात. आणखी १५ दिवसांनी त्यांच्या प्लीहेतील जंतू मोजतात. शेजारी लस न दिलेले उंदीर असतातच. त्यांच्यापेक्षा लस दिलेल्या उंदरांच्या प्लीहेत जंतू पुष्कळ कमी असले, तर लसीने पहिली पायरी ओलांडली.

लसीच्या प्रत्येक नव्या घाण्याचीही तपासणी होते. गाभण गायीच्या वारेत इरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो. रोगट ब्रुसेला त्यावर चांगलाच पोसतो. गर्भाशय हे त्याचे आवडते ठिकाण असण्याचे हे एक कारण मानले जाते. एस-१९ ची वाढ मात्र याच पदार्थाने खुंटते. म्हणून बाटलीतील जंतू खरोखरच एस-१९ आहेत, याची ही एक सोपी खूण ठरते.

दुसरी पायरी: दोन सारखे गट

उंदराला वासरू होत नाही आणि तो दूधही देत नाही. तेव्हा शेवटी गायींकडे यावेच लागते.

समजा, ४० कालवडी निवडल्या. सगळ्या एकाच जातीच्या, साधारण एका वयाच्या आणि रक्त तपासून निरोगी ठरलेल्या. चिठ्ठ्या टाकून त्यांचे २०-२० चे दोन गट केले. एका गटाला लस दिली आणि दुसऱ्याला दिली नाही. या दुसऱ्या गटाला आपण 'तुलनेचा गट' म्हणू. बाकी चारा, पाणी, गोठा सर्व सारखे.

चिठ्ठ्या कशासाठी? कारण माणसाचे मन नकळत पक्षपात करते. धष्टपुष्ट कालवडी लसीच्या गटात आणि रोडक्या दुसऱ्या गटात गेल्या, तर प्रयोग फुकट! याच कारणाने प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्यालाही कोणता नमुना कोणत्या गटाचा, हे सांगत नाहीत. त्याच्यापुढे फक्त क्रमांक असतात.

लस वयाच्या ४ ते ८ महिन्यांत देतात. कालवडी मोठ्या झाल्या, की त्यांना गाभण करवतात. गाभणपणाच्या मध्यावर, म्हणजे जेव्हा धोका सर्वांत जास्त असतो, तेव्हा दोन्ही गटांतील प्रत्येक गायीच्या डोळ्यात खऱ्या रोगजंतूंचे मोजून घेतलेले थेंब टाकतात. मग वाट पाहायची. कोणती गाय गाभडली, कोणती दिवस भरून व्याली, याची नोंद होते. शेवटी वार, दूध, रसग्रंथी, प्लीहा यांच्या तपासणीतून कोणाच्या अंगात जंतू शिरले तेही पाहतात.

रसग्रंथी आणि प्लीहा तपासायच्या तर गायीचा जीव घ्यावा लागतो. म्हणूनच असे प्रयोग विनाकारण करत नाहीत आणि गायींची संख्याही जरुरीपुरतीच ठेवतात. सारे काम बंदिस्त गोठ्यात चालते. एकही जंतू बाहेर जाऊ नये आणि काम करणाऱ्यांना बाधा होऊ नये, याची दक्षता घ्यावी लागते.

आता हिशेब करा. सहाव्या महिन्यात लस, साधारण दीड वर्षाची झाल्यावर कालवड गाभण, त्यानंतर विण्यापर्यंत नऊ महिने. एका प्रश्नाच्या उत्तराला जवळजवळ दोन वर्षे लागतात! लस यायला एवढा उशीर का, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

थोडे गणित

समजण्यासाठी आपण कल्पनेतलेच आकडे घेऊ. तुलनेच्या गटातील २० पैकी १६ गायींना बाधा झाली आणि लस दिलेल्या गटातील २० पैकी ४ गायींना. लस नसती तर या गटातही १६ जणींना बाधा झाली असती. म्हणजे १२ गायी वाचल्या. १६ पैकी १२ म्हणजे शेकडा ७५. ही झाली लसीची परिणामकारकता.

आता समजा, तुलनेच्या गटात फक्त २ गायींना बाधा झाली आणि लसीच्या गटात एकीलाही नाही. "शंभर टक्के यश!" असे म्हणाल का? नाही. नाणे दोनदा उडवून दोन्ही वेळा छापा पडला, म्हणून ते नाणे खोटे ठरत नाही. जंतूच पुरेसे जोरदार नव्हते, एवढेच या प्रयोगातून कळते. लस न दिलेल्या गायी जोवर मोठ्या संख्येने आजारी पडत नाहीत, तोवर लसीची परीक्षा झालीच नाही, असे समजायचे.

सुरुवातीच्या आपल्या गोठ्यात कशाची उणीव होती, हे आता कळले ना? तेथे तुलनेचा गटच नव्हता!

एस-१९ या परीक्षेत चांगली उतरली. शेकडा ६५ ते ७५ गायींना ती पुरते संरक्षण देते, असा अनुभव आहे. उरलेल्यांना बाधा झाली, तरी गाभडण्याचे प्रमाण कमी राहते. म्हणजे लस उत्तम, पण अभेद्य चिलखत मात्र नव्हे.

गुण आहे, पण अपाय?

एस-१९ चे अपायही काळजीपूर्वक शोधले गेले. गाभण गाईला पूर्ण मात्रा दिली, तर ती लसीनेच गाभडू शकते. नराला दिली तर त्याच्या वृषणांना सूज येऊ शकते. टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली किंवा लस डोळ्यात उडाली, तर माणूसही आजारी पडू शकतो. म्हणून नियम ठरले. लस फक्त माद्या वासरांना, तीही ४ ते ८ महिन्यांच्या वयात द्यायची आणि टोचणाऱ्याने हातमोजे व चष्मा घालायचा. नियम पाहून तुम्हाला वाटेल, की हे सरकारी कागदावरचे बारकावे आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक नियमामागे एखाद्या प्रयोगाचे किंवा अपघाताचे उत्तर आहे.

आणखी एक भीती असते. दुबळा जंतू पुन्हा जहाल झाला तर? इंग्लंडमध्ये '४५/२०' नावाचा एक वाण गिनीपिगमधून वीस वेळा फिरवून तयार केला होता. जिवंत स्वरूपात वापरल्यावर तो शरीरात पुन्हा आपल्या जहाल रूपात जाऊ लागला! पुढे तो वाण मारूनच वापरावा लागला. म्हणून लसीचा जंतू जनावरात राहूनही आपले दुबळे रूप टिकवतो का, हेही तपासतात.

चोर कोण, साव कोण?

गायीला ब्रुसेलोसिस आहे का, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब घ्यायचा. त्यात रंगवलेल्या मृत ब्रुसेला जंतूंचा गुलाबी थेंब मिसळायचा. गायीच्या रक्तात या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे असली, तर चार मिनिटांच्या आत बारीक गुलाबी गुठळ्या दिसतात.

पण एस-१९ टोचल्यावरही तशीच प्रतिपिंडे तयार होतात! मग गुठळ्या दिसलेली गाय रोगी की लस घेतलेली? लहान वयात लस दिली, तर बहुतेक कालवडींमध्ये ही प्रतिपिंडे मोठेपणी ओसरतात. लस वासरपणीच देण्याचे हे दुसरे कारण. काहींच्या बाबतीत मात्र घोटाळा उरतोच.

यावर अमेरिकेत गेर्हार्ट शूरिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली. ब्रुसेलाच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे एक आवरण असते आणि चाचणीत जी प्रतिपिंडे सापडतात, ती या साखळ्यांविरुद्धची असतात. त्यांनी या साखळ्या नसलेला वाण मिळवला. त्याचे नाव 'आरबी-५१'. त्याची लस दिलेली गाय नेहमीच्या चाचणीत निरोगीच दिसते. १९९६ पासून अमेरिकेत ही लस वापरात आली.

पण परीक्षा तेथेही संपली नाही. हा वाण मिळवताना रिफाम्पिसिन या औषधाचा वापर केला होता, त्यामुळे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. आणि माणसाच्या ब्रुसेलोसिसवर वापरल्या जाणाऱ्या औषधांत रिफाम्पिसिनही आहे! क्वचित एखादी गाय लसीचे हे जंतू दुधातून टाकते. २०१७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कच्चे दूध प्यायलेली एक स्त्री याच वाणाच्या जंतूंनी आजारी पडली. चाळीस गायींच्या प्रयोगात अशी दुर्मिळ गोष्ट दिसेलच असे नाही. लाखो गायींना लस दिल्यावरच ती कळते. म्हणून लस बाजारात आल्यावरही तिच्यावर नजर ठेवावी लागते.

आपल्या गावातली लस

भारतात ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथे राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस हे दोन रोग त्यासाठी निवडले गेले. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या पारड्यांना एस-१९ ची लस आयुष्यात एकदाच टोचायची, अशी योजना ठरली. दरवर्षी ३.६ कोटी वासरांना लस देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. गायी-म्हशींच्या कानातला बारा आकडी बिल्ला तुम्ही पाहिला असेल. कोणाला लस दिली, याची नोंद त्या क्रमांकावर राहते.

रोगी जनावरे शोधून ती मारून टाकायची, हा मार्ग अमेरिकेसारख्या देशांनी लसीच्या जोडीने वापरला. आपल्याकडे तो सहज वापरता येण्यासारखा नाही. म्हणून लसीवरचा भार येथे अधिक आहे.

लस जिवंत जंतूंची असल्याने तिला थंडाव्यातच ठेवावे लागते. उन्हात राहिलेल्या बाटलीतील जंतू मरतात. अशी लस टोचून उपयोग शून्य, पण वासरू 'सुरक्षित' झाल्याची समजूत मात्र पक्की! प्रयोगशाळेत शेकडा ७५ गुण मिळवणारी लस वाटेत बर्फाअभावी नापास होऊ शकते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कालवड असेल, तर तिचे वय मोजून ठेवा आणि वेळेवर पशुवैद्यांना सांगा. गाय गाभडली, तर पडलेल्या वासराला किंवा वारेला उघड्या हाताने शिवू नका आणि ते कुत्र्यांपुढे टाकू देऊ नका. पशुवैद्यांच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दूध मात्र नेहमी उकळूनच प्या. त्यात रोगाचे जंतू असोत की लसीचे, उकळीपुढे दोघांचेही काही चालत नाही.

आणि पुढे कधी कोणी सांगू लागले, की "हे औषध टोचले आणि सगळ्या गायी बऱ्या झाल्या", तर नम्रपणे एकच प्रश्न विचारा: "ज्यांना टोचले नाही, त्यांचे काय झाले?"